ड्रायव्हरला काय हवंय

५ फेब्रुवारी, बुधवार

आमच्या सिनेमाच्या दिग्दर्शक मॅडमनी सगळ्या नटांना घरचा अभ्यास दिला आहे. आपापल्या पात्राची रोजनिशी लिहायची, त्याच्याच तोंडून. त्यानं म्हणे पात्र आतून उमगतं. मी दुपारी बैठक मारली आणि लिहिलं, 'आज गाडी चालवली. साहेबांना सोडलं. साहेबांना आणलं.' पुढे काही सुचेना. हिनं मागून वाचलं आणि म्हणाली, "तुमच्या ड्रायव्हरपेक्षा त्या गाडीकडे सांगण्यासारखं जास्त असेल." ही चष्म्याच्या दुकानात काम करते, त्यामुळे लोकांना कमी दिसतं हे तिचं कायमचं मत आहे. तेव्हा ड्रायव्हरची रोजनिशी राहू दे, मी माझीच लिहितो. वही आणलीच आहे, ती वाया कशाला घालवा.

तर माझं. वय छप्पन्न. नाटका-सिनेमात मिळून इतक्या वेळा हवालदार झालो आहे की आमच्या लायनीत मला हाकच 'हवालदार' अशी मारतात. दार उघडायचं, "साहेब, बॉडी मिळाली," म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. यंदा पहिल्यांदाच वेगळे कपडे अंगावर चढणार आहेत. ड्रायव्हर, आणि तोही सुरुवातीपासून शेवटापर्यंत. हे काम मिळालं कर्नलमुळे. त्यानं मॅडमना तोंडावर सांगितलं, माझ्या गाडीचं चाक याच्याच हातात पाहिजे.

कर्नल माझा जुना मित्र. सैन्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. तरुणपणी एका नाटकात कर्नल झाला होता, नाटक पडलं, नाव तेवढं चिकटलं. पुढे तो पोस्टरवर गेला आणि मग हळूहळू पोस्टरवरून खाली आला. या सिनेमात तो मालक आहे, चोरीच्या गाड्यांचा धंदा करणारा म्हातारा. मालकाच्या जवळचं कोणीतरी पोलिसांना बातम्या पुरवतंय आणि त्याची माणसं एकेक करून संपतायत, एवढी गोष्ट आम्हाला माहीत आहे. फितूर कोण, ते कुणालाच ठाऊक नाही. मॅडमची पद्धतच तशी. पूर्ण स्क्रिप्ट कुणाला देत नाहीत. प्रत्येकाला फक्त आपल्या वाट्याची पानं, आणि काम झालं की ती परत. त्यांचं म्हणणं, खऱ्या आयुष्यात तरी दुसऱ्याची पानं कुठे वाचायला मिळतात?

मला वाटतं फितूर मालकाचा वकील असणार. त्याच्या मिशाच तशा आहेत.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज मॅडमनी सगळ्यांना गोल बसवलं आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, तुमच्या माणसाला काय हवंय? वकिलाचं काम करणारा नट तयारीचा. त्यानं खुर्ची हवी, सूड हवा, बापाची माया हवी असं भरलं ताट वाढलं. कर्नल म्हणाला, "माझ्या माणसाला शेवटपर्यंत आपल्या पायांवर उभं राहायचंय." त्याच्या आवाजात अजून ती ताकद आहे.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, ड्रायव्हरला साहेब बरे असायला हवेत. मॅडम म्हणाल्या, हे साहेबांचं झालं, त्याला स्वतःला काय हवंय? मी म्हटलं, पार्किंग. लोक हसले, मॅडमही हसल्या. मग म्हणाल्या, "काका, शोधा. काहीच नको असलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही."

मला काका म्हणाल्या ते जरा लागलं. कर्नल माझ्याहून चार वर्षांनी मोठा, त्याला त्या सर म्हणतात.

१२ फेब्रुवारी, बुधवार

शूटिंग सुरू होऊन तीन दिवस झाले. एका जुन्या गोदामात गॅरेजचा सेट लावला आहे. टायर, ऑइलचे डबे, भिंतीवर पान्यांच्या रांगा. आमची काळी गाडी मध्यभागी उभी असते आणि बाहेरून चार माणसं ती हलवतात, म्हणजे ती चालल्यासारखी दिसते. मी खोटं चाक फिरवतो.

आज सकाळी कर्नलनं मला मेकअपच्या खोलीत बोलावलं आणि कडी लावली. म्हणाला, वाक्यं राहत नाहीत. संध्याकाळी पाठ झालेलं सकाळी पुसून जातं. डॉक्टरकडे जाऊन आलाय. डॉक्टरांनी त्याला एक नाव दिलंय, पण ते नाव तो घेत नाही. वहिनींना आणि आता मला, बास, तिसऱ्या कुणाला माहीत नाही.

मग त्यानं पानं काढली. शेवटचा प्रसंग. मालकाला फितूर कोण ते कळलंय, गॅरेजमध्ये दोघेच आहेत, आणि मालक त्याच्याशी बोलतो. पाच पानं एकटा मालक बोलतो. समोरच्याचं नाव मॅडमनी लिहिलेलंच नाही, नुसतं 'तो' असं आहे. कर्नल म्हणाला, "यासाठी सिनेमा घेतला बघ मी. बाकी सगळी हमाली. एवढा एक प्रसंग कॅमेऱ्यासमोर उभं राहून करायचाय, मग घरी बसायला मी मोकळा." रोज सकाळी मी 'तो' व्हायचं आणि त्याच्याकडून पाठ करून घ्यायचं, असं ठरलं. कुणाला बोलू नकोस म्हणाला. मी शब्द दिला.

गाडीतल्या प्रसंगांसाठी त्यानं युक्ती काढली आहे. प्रत्येक वाक्याचा पहिला शब्द कागदाच्या पट्टीवर लिहून ती तो माझ्या सीटच्या पाठीला चिकटवतो. कॅमेरा समोरून असला की पट्टी फक्त त्यालाच दिसते. पहिला शब्द मिळाला की पुढचं आपसूक येतं. खरोखर डोकेबाज माणूस.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी जेवणानंतर मॅडम माझ्या शेजारी येऊन बसल्या. आजवर कुठलाही दिग्दर्शक जेवणानंतर माझ्या शेजारी येऊन बसलेला नाही. आधी ड्रायव्हरबद्दल बोलल्या, मग म्हणाल्या, सर आज थकल्यासारखे वाटले, बरे आहेत ना? तुम्ही त्यांच्या जवळचे, म्हणून विचारते.

किती आस्थेनं विचारलं! मी म्हटलं, ठणठणीत आहे. फक्त मोठी वाक्यं एका दमात देण्यापेक्षा तोडून दिली तर त्याला सोपं जाईल, आता वय झालं. तेवढंच म्हणालो, बाकी तोंडाला कुलूप. मॅडमनी मान डोलावली. जाताना म्हणाल्या, काका, बरं झालं तुमच्याशी बोलले.

कर्नलचं काम तेवढंच हलकं होईल. घरी सांगितलं तर ही म्हणाली, "त्यांनी तुम्हाला सांगायला सांगितलं होतं का?" मी म्हटलं, मदत काय सांगून करायची असते?

१७ फेब्रुवारी, सोमवार

कर्नल भडकला. त्याच्या आजच्या पानांतली वाक्यं अर्धी झाली होती. जिथे मालक दम भरणार होता तिथे आता नुसता बघतो. मला म्हणाला, "बालवाडीची कविता दिलीये मला." मी म्हटलं, अरे, नजरेनं करण्यात जास्त ताकद असते. तू नुसता बघितलास तरी समोरचा गार पडतो. थोडा निवळला.

सकाळची तालीम मात्र झकास झाली. पाचातली दोन पानं न अडखळता. मी समोर 'तो' होऊन बसतो. बोलायचं काहीच नसतं, नुसतं ऐकायचं. मालक म्हणतो, मारायला आलेल्या माणसाची मला भीती वाटत नाही, माझी विचारपूस करणाऱ्याची वाटते. एवढं सुंदर वाक्य त्या वकिलाच्या मिशांवर वाया जाणार.

१९ फेब्रुवारी, बुधवार

मॅडम आज पुन्हा बसल्या. हल्ली बसतातच. मीच खुर्ची ओढून ठेवतो. त्यांनी माझं मत विचारलं, सर पूर्वीसारखे राहिले नाहीत असं प्रॉडक्शनवाले म्हणतायत, तुम्हाला काय वाटतं? मला राग आला. मी म्हटलं, त्यांना म्हणावं या माणसाची मेहनत बघा आधी. या वयात सीटच्या मागे पट्ट्या चिकटवून शब्द न् शब्द सांभाळतो. आजकालची पोरं कानात यंत्र घालून दुसऱ्याकडून वाक्यं ऐकतात आणि वर तोरा मिरवतात!

मॅडम एकदम गप्प झाल्या. माझं बोलणं त्यांच्या मनाला भिडलं असणार. मग हळूच म्हणाल्या, पट्ट्या? मी सगळी युक्ती समजावून सांगितली. चष्मा काढून पुसत बसल्या होत्या. शेवटी म्हणाल्या, काका, तुमचा फार जीव आहे त्यांच्यावर. मी म्हटलं, आहेच.

आपलं मत कुणी विचारलं की अंगावर मूठभर मांस चढतं, हे खोटं कशाला बोलू.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

नवी पानं मिळाली, आणि ती माझी! ड्रायव्हरचा एक संपूर्ण नवा प्रसंग. मालकाची औषधं आणायला तो रोज कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे जातो. केमिस्ट गोळ्या मोजत विचारतो, कसे आहेत साहेब? ड्रायव्हर सांगतो, रात्री झोप नाही, आज दुपारनंतर जुन्या गोदामाकडे जायचंय, तेवढ्यात जरा डुलकी काढतील. केमिस्ट म्हणतो, काळजी घ्या. संपलं. असे आणखी दोन-तीन येतील, असं असिस्टंट म्हणाला.

प्रसंगात तसं काहीच घडत नाही. मारामारीच्या मध्ये प्रेक्षकांना श्वास घ्यायला असे प्रसंग लागतात. पण भूमिका वाढली ती वाढलीच, आणि ती आपोआप वाढत नाही. मॅडम म्हणाल्या, "हे मला तुमच्यावरून सुचलं." घरी मी हे दोनदा सांगितलं. ही म्हणाली, एकदाही पुरे होतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

वाईट दिवस. गाडी तीच, पण कॅमेरा बाजूनं लावला होता आणि सीटला नवं कव्हर. पट्ट्या लावायला जागाच नव्हती. लावल्या असत्या तरी कॅमेऱ्यात आल्या असत्या. कर्नल गाडीत बसला, माझ्या पाठीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. मला तो आरशात दिसत होता.

टेकवर टेक झाले. पहिल्यांदा त्यानं वकिलाच्या जागी माझं नाव घेतलं. मग मधलं वाक्य गेलं. मग त्याला कुठे जायचंय हेच आठवेना, आणि तो मला म्हणाला, "गाडी थांबव." हे वाक्य पानात नव्हतं. मी चाक सोडलं. बाहेर गाडी हलवणारी माणसं मात्र हलवतच राहिली, त्यांना काय कळणार. प्रॉडक्शनवाले दोघे मॉनिटरशेजारी उभे होते. ते कधी सेटवर येत नाहीत, आजच कसे आले कोण जाणे.

मेकअपच्या खोलीत कर्नल म्हणाला, कुणीतरी सांगितलं. मी म्हटलं, कोण सांगणार? सीट मळली म्हणून कव्हर बदललं असेल. तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. माझी खात्री आहे, त्या वकिलानंच पाहिलं असणार. तो सारखा गाडीभोवती घुटमळतो.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आज मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. दोघेच होतो. त्यांनाही जड जात होतं, हे दिसत होतं. म्हणाल्या, "काका, खरं सांगा. सर डॉक्टरकडे गेले होते का?"

इथे मी कसाला उतरलो, असं मला वाटतं. मी एक अक्षर सांगितलं नाही. स्पष्ट म्हणालो, मॅडम, हे मला विचारू नका, मी कर्नलला शब्द दिला आहे. त्या म्हणाल्या, ठीक आहे. मग म्हणाल्या, वहिनींना माहीत आहे ना? म्हणजे सर एकटे नाहीत ना यात? मी म्हटलं, वहिनींना सगळं माहीत आहे, त्यांची काळजी करू नका. त्यांनी डोळे पुसले. माणूस म्हणून फार चांगल्या आहेत.

बाहेर आलो तेव्हा छाती भरून आली होती. दुसरा कुणी असता तर पोपटासारखा बोलला असता.

१ मार्च, शनिवार

सुट्टी. हिला बुधवारचं सांगितलं, म्हणजे मी कसा शब्द पाळला ते. ही भाजी निवडत होती, तिनं सुरी खाली ठेवली. म्हणाली, "शब्द दिलाय असं म्हणालात?" मी म्हटलं, हो. म्हणाली, "मग उरलं काय सांगायचं?"

मी समजावलं, अगं, मी नाही म्हणालो नाही आणि हो पण म्हणालो नाही. त्यावर म्हणाली, दुकानात गिऱ्हाईक म्हणतं की मला चष्म्याची गरज नाही, पण ते म्हणतं भिंतीकडे तोंड करून. मला कळलं नाही यात चष्मा कुठून आला. नंतर दिवसभर धड बोलली नाही. हिला माझं नाव झालेलं सहन होत नाही असं मनात आलं, पण ते खरं नाही. तिनंच मला निम्मं आयुष्य सांभाळलं आहे. मग कशानं बिनसलं?

४ मार्च, मंगळवार

कथा बदलली. मालक मध्यंतरानंतर लगेच मरतो. गाडीच्या मागच्या सीटवर. ड्रायव्हर दार उघडतो आणि बघतो. उद्याच घ्यायचंय. म्हणजे गॅरेजचा शेवटचा प्रसंग होणार नाही. ती पाच पानं गेली.

मॅडम स्वतः कर्नलच्या खोलीत जाऊन सांगून आल्या. मी बाहेर बाकावर बसलो होतो. आरडाओरडा होईल वाटलं होतं, काही ऐकू आलं नाही.

५ मार्च, बुधवार

हे नीट लिहून ठेवतो.

शॉट साधा होता. मी दार उघडतो, कर्नल आत बसलेला, डोळे उघडे, मेलेला. एकही वाक्य नाही. त्यानं पापणी हलवली नाही, श्वास दिसू दिला नाही. मी "साहेब" म्हणायचं होतं, मला आवाजच फुटला नाही. मॅडमनी तोच टेक ठेवला. आजवर इतक्या बॉड्या मिळाल्या मला, पण अशी एकही नव्हती. कट म्हटल्यावरही तो थोडा वेळ तसाच बसून राहिला, मग म्हणाला, जमलं का?

टाळ्या वाजल्या, पुष्पगुच्छ दिला. मग त्यानं मला खोलीत नेलं आणि म्हणाला, बस समोर, 'तो' हो. अंगावर मेलेल्या मालकाचे कपडे, कॉलरवर खोटं रक्त. तो उभा राहिला आणि पाचही पानं म्हणाला. हातात कागद नव्हता. एकही चूक नाही. शेवटी त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तसं पानांत लिहिलेलं आहे. तेवढ्यात असिस्टंट पानं परत न्यायला आला, कर्नलनं ती त्याला सरळ करून दिली.

मी धावत मॅडमकडे गेलो. म्हटलं, त्याला सगळं येतंय, आत्ता म्हणून दाखवलं, अजून सेट उभा आहे, घेऊन टाका. त्या म्हणाल्या, "काका, आता राहू दे." मी म्हटलं, मी स्वतः ऐकलं. त्या म्हणाल्या, "तुमच्यावर माझा विश्वास आहे. पहिल्यापासून होता."

घरी येऊन जेवण गेलं नाही.

८ मार्च, शनिवार

माझ्या वाट्याची शेवटची पानं आली. फितूर मी आहे.

म्हणजे ड्रायव्हर. केमिस्ट पोलिसांचा माणूस होता. ड्रायव्हर काळजीनं जे जे बोलत गेला ते ते पुढे पोहोचत गेलं. शेवटी इन्स्पेक्टर त्याला समोर बसवून हे सांगतो, आणि ड्रायव्हर म्हणतो, "मी तर काहीच बोललो नाही." तिथे सिनेमा संपतो. आधी वकीलच फितूर होता, मॅडमनी मधूनच बदललं. सेटवर सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. पोस्टरवर माझा चेहरा असणार आहे, अर्धा.

दुपारी तालीम झाली आणि मी पार आपटलो. मॅडमना हवं होतं, हळूहळू उमगत जाणारा अपराध. मी भुवया चढवल्या, ओठ थरथरवले, डोळे खाली घातले. मलाच ते खोटं वाटत होतं. इन्स्पेक्टर झालेला मुलगा अदबीनं दुसरीकडे बघत होता. मॅडम म्हणाल्या, सोमवारी सुट्टी घ्या, मंगळवारी करू. हरभऱ्याच्या झाडावर चढवलेला माणूस खाली कसा उतरतो ते मला आज समजलं.

९ मार्च, रविवार

कर्नलकडे गेलो. अशा वेळी दुसऱ्या कुणाकडे जाणार? वहिनींनी दार उघडलं आणि नुसतं "आलात?" म्हणाल्या. दमलेल्या असाव्यात. नेहमी मला बघितलं की चहाचं आधण चढतं, आज चढलं नाही.

कर्नल बाल्कनीत बसून छत्रीची तुटलेली काडी बांधत होता. तब्येत चांगली वाटली. इकडचं तिकडचं झाल्यावर मी अडचण सांगितली. फितूर ड्रायव्हर निघाला हे सांगितलं. त्याला आश्चर्य वाटलं नाही. म्हणाला, वाच. मी वाचलं, त्यानं इन्स्पेक्टरचं म्हटलं. मी शेवटचं वाक्य बोलून चेहरा केला तसा तो म्हणाला, "चेहरा नको करूस."

मी म्हटलं, मग अपराध दिसणार कसा?

"त्याला माहितेय का आपण काय केलं ते?"

"पानांत आहे ना, इन्स्पेक्टर सांगतो तेव्हा कळतं."

"नाही कळत," कर्नल म्हणाला. तो छत्रीकडेच बघत होता. "सांगितलं तरी नाही कळत. मी ओळखतो त्याला. तू तुझ्यासारखा बस आणि ते वाक्य मनापासून म्हण. त्याला ते खरंच वाटतंय."

मी विचारलं, पण त्यानं केलं कशासाठी? मालकावर राग होता का? मॅडम पहिल्या दिवसापासून विचारतायत, ड्रायव्हरला हवंय काय, आणि मला अजून सापडलेलं नाही.

"राग कसला? जीव होता. पण आयुष्यभर दारं उघडली त्यानं. कुणीतरी खुर्ची दिली, कसं काय चाललंय विचारलं. एवढंच हवं होतं त्याला." मग त्यानं गाठ मारली, छत्री उघडून बघितली आणि मिटली. "वाईट नाहीये तो. तसा दाखवू नकोस त्याला."

मला एकदम मोकळं वाटलं. महिनाभर जे कुणी सांगू शकलं नाही ते यानं दोन मिनिटांत सांगितलं. मोठा नट आहे. निघताना मी म्हटलं, तुझा प्रसंग झाला नाही याचं मला फार वाईट वाटतं. तो म्हणाला, "माहितेय मला." वहिनी दारापर्यंत आल्या नाहीत.

११ मार्च, मंगळवार

झालं. एकाच टेकमध्ये.

छोटी खोली, एक टेबल, दोन खुर्च्या. मी कर्नलनं सांगितल्याप्रमाणे बसलो, माझ्यासारखा. हात मांडीवर. इन्स्पेक्टर सांगायला लागला, केमिस्टला तू हे सांगितलंस, मग हे, मग हे. मी ऐकत होतो. मनात म्हणत होतो, बरोबर आहे, साहेबांच्या काळजीनंच सांगितलं, त्यात काय? माझी पाळी आली. मी म्हणालो, "मी तर काहीच बोललो नाही." मनापासून म्हणालो. अगदी हवं तसं.

मॅडमनी कट म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. कॅमेरा चालूच. पुढे पान नव्हतं, मी काय करणार, बसून राहिलो. आणि तेव्हा मला माझाच आवाज ऐकू आला. ड्रायव्हरचा नव्हे. ऑफिसात खुर्चीवर बसून, छाती पुढे काढून, मी शब्द दिला आहे असं सांगणारा. समोर टेबलापलीकडे इन्स्पेक्टर होता, पण मला चष्मा पुसणाऱ्या मॅडम दिसत होत्या आणि मी त्यांना पट्ट्यांची युक्ती समजावून सांगत होतो, हातवारे करून, किती आनंदानं.

मी चेहरा केला नाही. त्याचं त्यालाच काहीतरी होत गेलं. हात मांडीवरून सरकले ते मला परत जागेवर ठेवता येईनात. मग कट ऐकू आलं. मी म्हटलं, मॅडम, आणखी एक घ्या, हा चुकला, मला असं करायचं नव्हतं. त्या माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "नाही काका. हाच." त्यांनाही माझ्याकडे नीट बघवत नव्हतं.

घरी आलो. हिनं पाणी दिलं आणि शेजारी बसली. पेला खाली ठेवून मी म्हटलं, मीच सांगितलं गं. ती म्हणाली, हो.

कर्नलला फोन करायचा आहे. सांगायचं आहे की तू सांगितलंस तसं मला करता आलं नाही. तुझा अंदाज चुकला, त्याला कळतं. नंबर लावून दोनदा ठेवला. वहिनीच उचलतील, आणि कोण बोलतंय म्हणून विचारतील.